तंबाखू नको, पण शेअर?

पुण्यात हडपसरच्या गाडीतळावर सायंकाळी बसची वाट पाहणाऱ्यांत तंबाखूला कधीच न शिवलेले पुष्कळ जण सापडतील. त्यांच्यापैकी ज्यांची निफ्टी ५० इंडेक्स फंडात, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात, दरमहा एसआयपी चालू आहे, ते मात्र थोडेसे सिगारेट कंपनीचे मालक आहेत. त्या पन्नास कंपन्यांत सिगारेट बनवणारी आयटीसी आहे. विम्याचा हप्ताही याला अपवाद नाही. आयुर्विमा महामंडळाकडे आयटीसीचे जवळपास १५ टक्के शेअर आहेत. यावरच २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. याचिकाकर्त्यांत होत्या सुमित्रा पेडणेकर. त्यांचे पती, माजी मंत्री सतीश पेडणेकर, तोंडाच्या कर्करोगाने गेले होते. सरकारी विमा कंपन्यांनी लोकांचा पैसा तंबाखूत का गुंतवावा, हा त्यांचा सवाल होता.

आपल्यापुरतं काय करता येईल? म्युच्युअल फंडाला महिना संपल्यावर दहा दिवसांत आपल्याकडचे सगळे शेअर जाहीर करावे लागतात. ती यादी फंडाच्या संकेतस्थळावर मिळते. कंटाळवाणी असते, पण वाचाच. टाटा एथिकल फंड शरियतच्या निकषांवर चालतो. दारू, तंबाखू, जुगार वर्ज्य, आणि व्याज घेणाऱ्या बँकाही. बँका वगळणं प्रत्येकाला पटेलच असं नाही. पर्यावरण, समाज आणि कारभार हे निकष लावणारे ‘ईएसजी’ नावाचे फंडही आहेत. पण नुसत्या नावावर जाऊ नका. ईएसजी म्हणजे तंबाखूबंदी नव्हे. त्यांचीही यादी उघडा आणि पहिली दहा नावं बघा.