निवडणे : बालमनाची पहिली विद्या



ज्या बाईंच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनी आयुष्यभर शिशुवर्गच शिकवला. म्हणून साहित्याचा प्राध्यापक असूनही आज मी शिशुवर्गातल्या एका साध्या कृतीविषयी बोलणार आहे. ती कृती म्हणजे वस्तूंतील सारखेपणा ओळखून त्यांचे गट लावणे.

या कृतीला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे : निवडणे. आपण तांदूळ निवडतो, मेथी निवडतो आणि लोकप्रतिनिधीही निवडतो. खडा कोणता आणि दाणा कोणता, हे डोळ्यांना व बोटांना उमगल्यावाचून निवडणे होत नाही. साम्य आणि भेद एकाच वेळी पाहणे हा विचाराचा पायाच होय. गणितातील संच, व्याकरणातील शब्दांच्या जाती, वनस्पतींची कुळे ही त्याचीच पुढची रूपे.

हे शिकवताना पायऱ्या सांभाळाव्या लागतात. पहिली पायरी जोड्यांची : अगदी सारख्या दोन वस्तू शोधणे. दुसरी एका गुणाची. माँटेसरीबाईंच्या गुलाबी मनोऱ्यातले दहाही ठोकळे एकाच रंगाचे व आकृतीचे असतात; फरक केवळ लहानमोठेपणाचा. त्यामुळे मुलाचे लक्ष त्या एका गुणावर स्थिरावते. तिसऱ्या पायरीवर, आधी रंगाने लावलेली बटणे पुन्हा एकत्र करून आता भोकांच्या संख्येने लावायची. एकच वस्तू दोन गटांत बसू शकते, हा बालकाच्या दृष्टीने मोठाच शोध असतो. येथे घाई मात्र नको. पाच गुलाब आणि दोन शेवंतीची फुले समोर ठेवून ‘गुलाब जास्त की फुले जास्त?’ असे विचारले, तर सात वर्षांच्या आतली बहुतेक मुले ‘गुलाब’ म्हणतात, हे जीन पियाजे यांनी दाखवून दिले आहे.

साधने महागडी असावी लागत नाहीत. आपल्या गुजरातेत, भावनगरला, गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाचे मोठे कार्य केले. १९२६ साली त्यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे बोर्डी व कोसबाड येथे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी खडे, पाने, शिंपले, बिया यांनाच शिक्षणसाधनांचा मान दिला.

चौथी पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच वगळली जाते. ती म्हणजे ‘का?’ हा प्रश्न. एका शिशुवर्गात मी बसलो होतो. चार वर्षांच्या एका मुलाने किल्ली, चष्म्याचे घर आणि पेन अशा वस्तू एकत्र ठेवल्या. बाईंनी कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, “हे सगळं आजोबा शोधत असतात.” हा गट कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही, पण त्यामागील तर्कात काय उणे आहे? आपल्या घरी साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा आणि वरीचे तांदूळ एका गटात बसतात, ते ‘उपवासाचे’ म्हणूनच ना?

रशियन मानसशास्त्रज्ञ लुरिया यांनी १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातील शेतकऱ्यांना हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांतून वेगळे काय ते विचारले. अनेकांनी ओंडका वगळण्यास नकार दिला. ओंडकाच नसेल, तर हत्यारांचा उपयोग काय, असे त्यांचे म्हणणे! ‘हत्यारे’ हा अमूर्त गट मुलांना शिकवायलाच हवा. पण तो त्यांच्या स्वतःच्या गटाशेजारी मांडावा, त्यावर फुली मारून नव्हे.

आता बडोद्यातील आपल्या मुलांकडे वळू. घरी मराठी, अंगणात गुजराती, शाळेत इंग्रजी. ‘रेड’, ‘राउंड’ ही नावे मूल लवकर उचलते. परंतु कारण सांगण्यास एका शब्दाने भागत नाही. त्याला वाक्य लागते, ‘म्हणून’ लागते, ‘पण’ लागते. हे शब्द बालकाजवळ प्रथम घरच्या भाषेत असतात. ते उच्चारण्याची मुभा नसेल, तर मूल गट बरोबर लावील, पण विचार मुकाच राहील. भाषेची हानी मला येथे दिसते. पुस्तकांचा खप कमी होण्यात तितकी नाही.

म्हणून शिक्षकांना विनंती की कारण कोणत्याही भाषेत आले, तरी ते पूर्ण ऐकून घ्यावे. आणि आजीआजोबांना विनंती की शेंगा निवडताना नातवंडाला शेजारी बसवावे, त्याने वेगळ्या काढलेल्या शेंगा निमूटपणे परत टाकू नयेत; त्या का काढल्या, ते मराठीत विचारावे. या शाळेच्या शिशुवर्गात बाई हेच करीत आल्या.