शास्त्रज्ञ कोणाला म्हणावे?



शास्त्रज्ञ व्हावयास विद्यापीठाची पदवी लागते, असा समज रूढ आहे. याच अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. तरी वाल, भात, भाजीपाला यांचे शंभराहून अधिक गावरान वाण त्यांनी पेरून, पारखून जतन केले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. 'बीजमाता' म्हणून त्यांचा गौरव होतो. परंतु मातेला हार घालणे सोपे. तिच्या कामाला ज्ञान म्हणून मान्यता देणे अवघड!

विज्ञानाची कसोटी पदवीची नव्हे, पद्धतीची आहे. निरखणे, निवडणे, पुन्हा पेरून ताडून पाहणे आणि निष्कर्ष इतरांच्या तपासणीस खुला ठेवणे, एवढे जो करतो तो शास्त्रज्ञ. 'जुने ते सोने' म्हणणारा परंपराभिमानी या कसोटीस उतरत नाही; पदवी दाखवून प्रश्न टाळणारा पंडितही उतरत नाही.

ही मान्यता वेळेवर मिळाली नाही तर काय होते? चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी लोंब्या निवडून एचएमटी हा भाताचा वाण सिद्ध केला. तो दूरवर पसरला. दादाजी मात्र २०१८ साली गरिबीतच निवर्तले.

पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने २००१ साली शेतकऱ्यास स्वतः विकसित केलेल्या वाणाची नोंदणी आपल्या नावे करण्याचा हक्क दिला. तो कागदावरच राहू नये, म्हणून कार्यकर्त्यांनी वाड्यावस्त्यांवर जाऊन या नोंदणीस हातभार लावावा. सत्काराच्या शालीपेक्षा ते काम अधिक मोलाचे ठरेल.