अपंग विद्यार्थी आणि महाविद्यालयाची दोन दारे

(सिनेगॉगच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा ध्वनिमुद्रणावरून उतरविलेला मजकूर)



बेर-शेवा असो, दिमोना असो, अश्दोद वा लोद असो, आपल्या घरांनी मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेतला आहे. परंतु ज्या मुलाला ऐकू कमी येते, ज्या मुलीला फेफरे येते, ज्याला अक्षरे वाचताना त्रास होतो वा ज्याचे मन आजारी आहे, त्याच्या उच्च शिक्षणाचा विषय निघाला की घरात आवाज खाली येतो. बाहेर कळले तर लग्न कसे जमेल, ही काळजी आधी उभी राहते. ती काळजी मी समजू शकतो. तथापि, त्या मौनामुळे मुलाच्या हक्काची मदत त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, हे आज स्पष्टपणे सांगावयाचे आहे.

या देशात अशा विद्यार्थ्यासाठी दोन निरनिराळी दारे आहेत. एक अभ्यासातील सोयींचे, दुसरे पैशाचे. दोन्ही एकच आहेत असे समजून पुष्कळ कुटुंबे एकाच ठिकाणी जातात आणि अर्धी मदत गमावतात.

पहिले दार महाविद्यालयातच आहे. विद्यार्थ्यांच्या अधिष्ठात्याचे कार्यालय, ज्याला आपण देकानात म्हणतो, तेथे अर्ज करावयाचा. अपंग व्यक्तींच्या समान हक्कांचा कायदा १९९८ साली झाला. शिकण्यातील अडचणी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी २००८ साली स्वतंत्र कायदा झाला. प्रवेश, अभ्यास आणि परीक्षा या तिन्ही टप्प्यांवर योग्य त्या सोयी मागण्याचा हक्क त्याने दिला. या सोयींना हतामोत म्हणतात. त्यांचा घरच्या उत्पन्नाशी संबंध नाही.

हतामोत म्हणजे काय? परीक्षेत २५ टक्के जादा वेळ मिळाला, तर १८० मिनिटांची उत्तरपत्रिका २२५ मिनिटांत लिहिता येते. कोणाला प्रश्न वाचून दाखविले जातात, कोणाला संगणकावर लिहू देतात. मधुमेह असलेल्याला मध्ये उठून खाण्याची मुभा मिळते. चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थ्यासाठी वर्ग पोहोचता येईल अशा खोलीत हलविता येतो. प्रश्न तेच राहतात आणि उत्तीर्ण होण्याची पातळीही तीच राहते. म्हणून ही कोणाची मेहेरबानी आहे असे मानू नये.

येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बगरूतच्या वेळी मिळालेल्या सोयी आपोआप पुढे चालत नाहीत. पसिखोमेत्री परीक्षेसाठी वेगळा अर्ज लागतो आणि महाविद्यालयासाठी पुन्हा वेगळा. दुसरी गोष्ट कागदपत्रांची. शाळेतील जुना अहवाल प्रत्येक संस्था स्वीकारतेच असे नाही. पुष्कळ ठिकाणी मताल नावाची संगणकावरील तपासणी मागतात. खासगी तपासणीवर पैसा खर्च करण्यापूर्वी कोणता अहवाल चालेल, हे त्या संस्थेला विचारावे. तिसरी गोष्ट, डॉक्टरांच्या पत्रात केवळ रोगाचे नाव असून भागत नाही. त्या रोगामुळे वाचताना, बसताना वा लक्ष देताना नेमके काय अडते, हे लिहून घ्यावे. सोय ठरविणाऱ्याला त्याचाच उपयोग होतो.

आता दुसरे दार. बितुआह लेउमीचा व्यवसाय-पुनर्वसन विभाग, म्हणजे शिकूम. सर्वसाधारणपणे किमान २० टक्के वैद्यकीय अपंगत्व ठरलेले असावे लागते. शिवाय त्या अपंगत्वामुळे काम मिळविणे वा करणे कठीण झाले आहे, आणि शिक्षणानंतर मनुष्य कामाला लागू शकेल, हेही पाहतात. दरमहा पेन्शन मिळत नाही म्हणून अर्ज करता येत नाही, असा आपल्याकडे समज आहे. तो चुकीचा आहे. पेन्शनचे निकष वेगळे, शिकूमचे वेगळे. पात्र ठरल्यास शिक्षणशुल्क, प्रवासखर्च, आवश्यक साहित्य, तसेच वाचून दाखविणारा मदतनीस, खुणांच्या भाषेचा दुभाषी वा जादा शिकवणी यांसाठी साहाय्य मिळू शकते.

मात्र क्रम चुकवू नये. आधी शिकूमच्या कार्यकर्त्याची भेट, नंतर अभ्यासक्रमाला मंजुरी, मग शुल्क. मंजुरीपूर्वी भरलेला पैसा परत मिळेल असे धरून चालू नये. म्हणून शिक्षण सुरू होण्याच्या कित्येक महिने आधी हालचाल करावी.

सैन्यात जखमी झालेल्यांनी संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन विभागाकडे जावे. मानसिक आजारामुळे किमान ४० टक्के अपंगत्व ठरलेल्या प्रौढांसाठी आरोग्य मंत्रालयाचा साल शिकूम आहे. २००० सालच्या कायद्याने तो मिळतो आणि त्यात शिक्षणासाठी सोबत करणारी मदतही आहे. ज्यांच्याकडे बगरूत वा पसिखोमेत्री नाही, त्यांनी मुक्त विद्यापीठाचा अवश्य विचार करावा. तेथे पहिल्या पदवीला त्यांची अट नाही.

अर्ज नाकारला गेला तर कार्यालयातून मुकाट्याने परतू नका. नकार कारणासह लेखी मागा. संस्थेत वरिष्ठांकडे दाद मागता येते, आणि न्याय मंत्रालयात अपंगांच्या समान हक्कांसाठी आयोग आहे, तेथेही तक्रार करता येते. पाठविलेल्या प्रत्येक कागदाची प्रत व तारीख घरी जपून ठेवा.

शेवटी आईवडिलांना एक विनंती. आपण मुलाचा हात धरून कार्यालयात जातो आणि त्याच्या वतीने आपणच बोलतो. त्यात माया आहे, पण अठरा वर्षांचा विद्यार्थी प्रौढ आहे. मला काय जमते, काय अडते आणि काय हवे, ही तीन वाक्ये त्याला स्वतः बोलता आली पाहिजेत. पुढे नोकरीतही तीच लागतील. घरी त्याच्याकडून ती म्हणवून घ्या, हिब्रूत म्हणवून घ्या. आणि लग्नाच्या काळजीने ज्यांचे ओठ मिटले आहेत त्यांना एवढेच सांगतो : देकानातमध्ये दिलेले वैद्यकीय कागद गोपनीय असतात, आणि पदवीच्या प्रमाणपत्रावर हतामोतचा उल्लेख नसतो. पुढील वर्षाची नावनोंदणी सुरू होण्यापूर्वी ज्यांच्या घरी असा विद्यार्थी आहे त्यांनी आज रात्रीच त्याच्यापाशी बसून हा विषय काढावा.