डोंगरावरचा पाऊस कुठे ठरतो?

जून 2013 मध्ये केदारनाथला प्रलय झाला, तेव्हा ढगफुटी झाली म्हणून अनेकांनी विषय संपवला. पण तासाभरात 100 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस, तोही वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत, ही हवामान विभागाची ढगफुटीची मोजपट्टी. उत्तराखंडात मात्र 15 ते 17 जून असे तीन दिवस खोऱ्यामागून खोरी झोडपली जात होती. एवढा मोठा पाऊस एका ढगाच्या आवाक्यातला नव्हे. त्या वर्षी 16 जूनलाच मोसमी पावसाने सारा देश व्यापला होता. एरवी त्याला जुलैचा मध्य उजाडत असे. बंगालच्या उपसागरावरचं कमी दाबाचं क्षेत्र वायव्येकडे सरकत आलं, समुद्रावरचं बाष्प हिमालयाच्या पायथ्याशी साचलं. नेमक्या त्याच वेळी वरच्या थरांतून, पश्चिमेकडून, थंड हवेची द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, दक्षिणेकडे झुकली. अशा द्रोणीच्या पुढच्या अंगाला हवा वर उचलली जाते. खालून ओल, वरून ही ओढ आणि समोर उभे कडे, असा तिहेरी योग जुळून आला.

यावर कुणी म्हणेल, वारा डोंगराला आपटला की पाऊस पडणारच, त्यात दूरचं काय आणायचं? पण डोंगर तर बारा महिने जागचा हलत नाही. असा पाऊस मात्र क्वचित पडतो. 2010 चा उन्हाळा आठवा. पश्चिम रशियावर जास्त दाबाचं क्षेत्र कित्येक आठवडे ठाण मांडून बसलं, मॉस्को 38 अंशांवर तापलं. त्या अडथळ्याने वरच्या वाऱ्यांची वाट वाकली, त्यांची द्रोणी उत्तर पाकिस्तानवर आली, तिथे मोसमी बाष्प तिला मिळालं आणि जुलैअखेर सिंधूला महापूर आला. तो पाऊस सहा ते आठ दिवस आधी ओळखता आला असता, असं हवामानशास्त्रज्ञ पीटर वेब्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे दाखवून दिलं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नदीच्या पात्रात हॉटेलं बांधली ती माणसांनी, मग दोष वाऱ्यांना का? बांधकामांनी हानी वाढवली, हे मला पूर्ण मान्य आहे. कोणती दरी बुडेल हे नकाशावरच्या द्रोणीवरून कळत नाही, हेही खरंच. पण म्हणूनच अशा इशाऱ्याने पावसाआधी हाती येणारे चार दिवसही लाखमोलाचे. 16 जूनच्या संध्याकाळी केदारनाथच्या वाटेवरचं रामबाडा वाहून गेलं. 17 च्या सकाळी, पावसाने आणि वितळत्या बर्फाने तुडुंब झालेल्या चोराबारी तळ्याचा दगडमातीचा बांध फुटला आणि तो लोंढा केदारनाथवर आला. बांधकामं चार दिवसांत हटवता येत नाहीत. केदारनाथची यात्रा मात्र त्याच वाटेवरच्या गौरीकुंडाच्याही खाली, सुरक्षित गावी थांबवून धरता येते. तेवढा अधिकार स्थानिक प्रशासनाकडे असतो, आणि तो पाऊस सुरू होण्याआधी, नुसत्या नकाशावर विसंबून वापरायला हवा, मग कधी चार दिवस कोरडे गेले तरी चालतील.