चवदार तळे आणि हक्कसोड
(निडी येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)

महाड आपल्याच जिल्ह्यातले. २० मार्च १९२७ला बाबासाहेब तिथे चवदार तळ्याचे पाणी प्यायले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळल्यावर त्यांनी बायांची वेगळी सभा घेतली, हे कमी सांगितले जाते. लुगडे नीट नेसा, जड दागिने टाका, मुलींना शाळेत घाला, असे ते बोलले. (लुगड्याचे पुरुषाने सांगावे का, यावर भांडता येईल. भांडूच!) तळ्याचा हायकोर्टातला निकाल यायला १९३७ उजाडले.

पुढे ते कायदेमंत्री असताना हिंदू कोड बिल अडवले गेले. मुलीला वारसा, हेच अनेकांना सलत होते. १९५१ साली त्यांनी राजीनामा दिला, त्याचे हे मोठे कारण. मग हक्क तुकड्यातुकड्याने आला: १९५६, महाराष्ट्रात १९९४, शेवटी २००५. आज वडिलोपार्जित जमिनीत मुलगी मुलाइतकीच वाटेकरी आहे.

आणि होते काय? जमिनीच्या मोबदल्याची नोटीस आली की भाऊ गाडी करून कचेरीत नेतो, बहीण हक्कसोडपत्रावर सही करते. साडी मिळते. माहेर तुटेल ही भीती खोटी नाही. नवऱ्याने टाकलेल्या बाईला माहेरच लागते. म्हणून सही करू नका, असा हुकूम मी देणार नाही. पण कागद आधी घरी आणा, कोणाकडून तरी वाचून घ्या. नोंदवलेले हक्कसोडपत्र फिरवणे फार अवघड असते. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने माहेरचा सातबारा आणायचा आहे.