परमुलखी जाण्याआधीचा हिशोब

मंडळी, आज आपण हिशोबाचं बोलू. आपल्या पेडगावातून, आसपासच्या खेड्यांतून किती तरी माणसं पोटासाठी हैदराबादेला जातात. कुणी गिरणीत लागतो, कुणी इमारतीच्या कामावर, कुणी गोदामात. निघताना एकच गोष्ट विचारली जाते : “पगार किती?” आम्ही म्हणतो, आणखी एक गोष्ट विचारावी : “हातात किती राहील?”

आपल्या म्हाताऱ्या माणसांना मुलूख बदलणं नवं नाही. १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. तेव्हा हैदराबाद हीच आपली राजधानी. हाली सिक्का वेगळा, करोडगिरीचे नाके वेगळे. इंग्रजी मुलखातून माल आणला की नाक्यावर कर भरायचा. पुढे १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. घर जागचं हललं नाही, राज्य मात्र तीनदा बदललं! आता हैदराबाद तेलंगणात आहे. म्हणून तिथं जाणं म्हणजे दुसऱ्या राज्यात जाणं.

आता कराचं पाहू. आयकर साऱ्या देशात एकच. तो दिल्ली सरकारचा. साबण, चहापत्ती, कापड यांवरचा जीएसटी १ जुलै २०१७ पासून सगळीकडे सारखा. पेट्रोल, डिझेल आणि दारू मात्र त्यात नाहीत. त्यांवर प्रत्येक राज्य आपापला कर लावतं, म्हणून सीमा ओलांडली की पंपावरचा भाव बदलतो.

पगारदाराला आणखी एक कर असतो, व्यवसाय कर. हा राज्याचा कर. वर्षाला २,५०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, असं राज्यघटनेतच आहे. महाराष्ट्रात महिना १०,००० च्या वर पगार असला की पुरुषाचे वर्षाला २,५०० कापतात. बाईमाणसाला २५,००० पर्यंत माफी आहे, ही २०२३ पासून. तेलंगणात १५,००० पर्यंत काही नाही, पुढे २०,००० पर्यंत महिना १५० रुपये, त्यावर २००. म्हणजे १४,००० पगाराच्या गड्याचे तिथं वर्षाला अडीच हजार वाचतात. ऐकायला बरं वाटतं. पण महिन्याला ते दोनशे रुपयेच झाले.

खरा खर्च कराचा नाही, राहण्याचा आहे. आपण एक उदाहरण घेऊ. आकडे मानलेले आहेत. तुम्ही तुमचे घाला.

समजा, एक गडी परभणीला १४,००० वर जातो. कर २०० आणि येण्याजाण्याचे १,५०० गेले. उरले १२,३००. त्याला हैदराबादेत १९,००० मिळतात. कर १५० गेला, उरले १८,८५०. म्हणजे ६,५५० जास्त. आता खोलीचं भाडं ४,००० आणि वीज ५०० काढा. राहिले २,०५०. गावी ज्वारी घरची, भाजी बांधावरची, दूध शेजारचं. तिथं कोथिंबिरीची काडीसुद्धा विकत. सणाला, लग्नाला, आजारपणाला गावी यावं लागतं, त्याचं भाडं वेगळं. त्या दोन हजारांतलं काय उरतं ते ज्यानं त्यानं पाहावं. शिवाय घरमालक आधी अनामत मागतो, ती पहिल्याच दिवशी लागते.

नवराबायको दोघं कमावणार असतील, तर हिशोब पार बदलतो. खोली एकच, पगार दोन. बारमाही काम मिळत असेल तरीही तसंच. आम्ही जाऊ नका म्हणत नाही. कोरडवाहू शेती चार महिन्यांची. बाकीचे आठ महिने माणसानं काय खावं?

सवलतींचंही बघा. आपल्या एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट झालं. तेलंगणाच्या सरकारी गाड्यांत त्याच वर्षी ९ डिसेंबरपासून बायकांना तिकीट माफ झालं, पण तिथला पत्ता दाखवावा लागतो. २०० युनिटांपर्यंत वीज माफ ही योजना तिथं २०२४ साली आली, तीही तिथलं रेशन कार्ड असलेल्यांना. म्हणजे नव्यानं गेलेल्यानं पूर्ण बिल धरूनच चालावं. उलट, २०२४ ची लाडकी बहीण योजना महाराष्ट्रात राहणाऱ्या बायकांची. पत्ता बदलला की तिचा विचार करावा लागतो.

रेशनचं मात्र सोपं झालं आहे. आपलं कार्ड आधारशी जोडलेलं असेल, तर अंगठा देऊन तिथल्या दुकानात धान्य मिळतं. अन्नसुरक्षा कायद्याचं धान्य जानेवारी २०२३ पासून फुकट आहे. घरची माणसं गावी आपला वाटा घेतात, गेलेला तिकडे आपला घेतो. दुकानदार नाही म्हणाला तरी परत फिरू नका. हा हक्क आहे, मेहरबानी नाही.

मोटारसायकल नेणार असाल तर ध्यानात ठेवा. बारा महिन्यांच्या वर तिथं वापरायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी परभणीच्या आरटीओकडून ना-हरकत दाखला लागतो, आणि तिथला कर पुन्हा भरावा लागतो. इकडे भरलेल्यातला उरलेला कर मागता येतो, पण अर्ज केल्याशिवाय कुणी देत नाही.

एक गोष्ट पगाराच्या चिठ्ठीत दिसत नाही. ती जातीच्या दाखल्याची. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यवार आहेत. महाराष्ट्रातला दाखला घेऊन तेलंगणात गेलं, तर तिथल्या राज्याच्या नोकरीत आणि कॉलेजात राखीव जागा मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९० साली असाच निकाल दिला. मूल दहावी-बारावीला आलं असेल, तर हा विचार भाड्याच्या आधी करावा. लहान मूल असेल तर शाळेत तेलुगू शिकावं लागेल. लहान मुलं ती लवकर उचलतात, मोठ्यांना जड जातं.

आणि गावचं घर बंद केलं तरी घरपट्टी, पाणीपट्टी बंद होत नाही. जाण्याआधी ग्रामपंचायतीत बाकी विचारा, भरा, आणि पावती घ्या. पावतीवरचा आकडा तिथंच उभं राहून वाचा. आता तुम्हांला वाचता येतं.