एबीएसला न दिसणारी गोष्ट
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायला सांगितलं होतं. त्यावर सध्या जो तो बोलतोय. मी मोटरसायकलच्या ब्रेकवर बोलते. सकाळी पार्किंगमध्ये आपल्या बॅचच्या नऊ मोटरसायकली मोजल्या, त्यातल्या बऱ्याच कुंभार्ली घाट उतरून आल्यात. ब्रेक ऑइल कधी बदललं, असं मी तिघांना विचारलं. दोघं म्हणाले, "सर्व्हिसिंगला बदलत असतील की." तिसरा म्हणाला, "माझ्या गाडीला एबीएस आहे." मला काळजी वाटली ती या तिसऱ्या उत्तराची.

१२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना आपल्याकडे एबीएस सक्तीचं झालं. नव्या मॉडेलांना एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्यांना एप्रिल २०१९ पासून. चाकासोबत खाचांची एक चकती फिरते, तिच्यावरून सेन्सर वेग मोजतो. चाक अडकून घसरायला लागलं की एबीएसचा डबा कॅलिपरकडे जाणारा दाब तोडतो, थोडा सोडतो, पुन्हा जाऊ देतो. हे सेकंदात अनेक वेळा होतं. पोटापाण्याला मीही सॉफ्टवेअरच लिहिते, त्यामुळे मला त्या डब्याचं भारी कौतुक आहे. पण आपल्या नेहमीच्या गाड्यांतला हा डबा तुमच्या हाताने दिलेला दाब फक्त कमी-जास्त होऊ देतो. मुळात दाबच नसेल, तर तो कुठून आणणार? मीटरवरचा पिवळा दिवा विझला, याचा अर्थ सेन्सर, वायरी, व्हॉल्व्ह यांत त्याला बिघाड दिसला नाही. ब्रेक ऑइलमध्ये पाणी किती मुरलंय, हे त्याला दिसतच नाही.

पास्कलचा नियम याच इमारतीत शिकलो आपण. बंदिस्त द्रवावर एका टोकाला दिलेला दाब दुसऱ्या टोकाला तेवढाच पोचतो. त्यात एक अट दडलेली आहे : मधे द्रवच हवा. हवा किंवा वाफ असली तर ती दबते, आणि तुमचा सगळा जोर तिला दाबण्यातच संपतो.

गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल म्हणतात, पण ते तेल नव्हे. ग्लायकॉल जातीचा द्रव आहे, आणि तो हवेतलं पाणी ओढून घेतो. रबरी पाइपमधूनसुद्धा. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असं मानक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात सतत ब्रेक धरून उतरताना कॅलिपर तापतो, पाणी मुरलेलं ऑइल उकळतं, बुडबुडे होतात आणि लीव्हर मुठीला टेकते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. आपल्या चिपळूणच्या हवेत तर मी एक दिवसही वर जाऊ देत नाही. २०२१ च्या जुलैतल्या पुरात ज्यांच्या गाड्या बुडाल्या, त्यांनी इंजिन ऑइल बदललं असेलच. ब्रेक ऑइल बदललं का, ते ज्याचं त्याने आठवावं.

आता सगळीकडे ऐकू येतं, की एबीएसची गाडी घरी ब्लीड होत नाही, मशीनच लागतं. हे अर्धं खरं आहे. एबीएस चालू नसताना आतला येण्याचा व्हॉल्व्ह उघडाच असतो, ऑइल डब्यातून सरळ पुढे जातं. त्यामुळे लीव्हर दाबून जुनं काढणं आणि नवं भरणं घरी नीट होतं. बंद व्हॉल्व्हच्या मागच्या छोट्या पोकळीत थोडं जुनं ऑइल राहतं, त्याने फारसं बिघडत नाही. पण त्या डब्यात हवा शिरली, तर ती साध्या दाबण्याने निघेलच असं नाही. मग पंप आणि व्हॉल्व्ह चालवून दाखवणारं मशीन लागतं, ते सर्व्हिस सेंटरमध्येच. म्हणून घरी एकच गोष्ट जिवापाड सांभाळायची : वरची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. ती इवलीशी असते. तीन-चार दाबांनंतर बघायचं, भरायचं.

झाकणावर लिहिलेलं असतं तेच ऑइल आणा, सीलबंद. मागच्या वेळचा अर्धा डबा वापरू नका, त्यानेही हवेतलं पाणी प्यायलेलं असतं. डॉट ५ आणि डॉट ५.१ ही नावं सख्ख्या भावांसारखी वाटतात, पण डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते आपल्या गाडीत चालत नाही. (ज्याने ही नावं ठेवली, त्याला आपल्या सरांसमोर उभं करायला हवं होतं.) हँडल असं वळवा की टाकी सपाट होईल. पेट्रोलच्या टाकीवर ओलं फडकं टाका, कारण हे ऑइल रंग खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी. झाकणाचे दोन स्क्रू मऊ असतात, बरोबर बसणाराच स्क्रू ड्रायव्हर घ्या, नाहीतर सकाळ तिथेच जाईल.

खाली कॅलिपरच्या निपलवर आधी रिंग पाना बसवायचा, मग पारदर्शक नळी. माशांच्या टाकीला लागते ती चालते. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवायचं. मग दोन माणसं लागतात. आमच्याकडे लीव्हरवर सासूबाई असतात, खुर्ची टाकून. त्या लीव्हर दाबून धरतात आणि म्हणतात, "दाबलं." मी पाव फेरा ढिलं करते, लीव्हर आत जाते, मी आवळते आणि सांगते, "सोडा." आवळण्याआधी सोडलं तर हवा आत ओढली जाते. त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही आधी सोडलेलं नाही. चहाच्या रंगाचं ऑइल जाऊन नळीत स्वच्छ, फिकट ऑइल आणि एकही बुडबुडा नाही, असं होईपर्यंत हेच. निपल आतून पोकळ असतं, फार जोराने आवळलं तर तुटतं. पॅड आणि डिस्कवर थेंबही नको. मागच्या ब्रेकला हेच सगळं, फक्त दाबायला पायाचं पेडल. जुनं ऑइल मोरीत ओतू नका, बाटलीतून गॅरेजला द्या.

झाल्यावर लीव्हर दगडासारखी घट्ट लागली पाहिजे. स्पंजासारखी लागली तर गाडी रस्त्यावर काढायची नाही, पुन्हा ब्लीड करायचं. दोनदा करूनही तसंच असेल, तर टेंपोत घालून सर्व्हिस सेंटर. घट्ट असेल तर आधी गाडी हाताने ढकलून ब्रेक लावून बघा, मग अंगणात सावकाश चालवून. निपलपाशी कोरडं आहे ना, हे दुसऱ्या दिवशी परत बघा.

बहुतेकांच्या टाकीला बाजूने काचेची छोटी खिडकी असते. जेवणं झाली की पार्किंगमध्ये या, मोबाइलचा टॉर्च लावून नऊही गाड्यांचा रंग बघू. ज्याचा चहा दिसेल, त्याने परत जाताना घाट चढण्याआधी मला भेटावं. ऑइलचे दोन सीलबंद डबे आणि आठ नंबरचा पाना मी गाडीत घेऊन आलेय.